मायोर्कात भाड्याची गाडी घेताय? आधी चाकं पुसा

आकडा आधीच सांगतो: चाकावरच्या एका ओरखड्याचे ६६५ युरो ५० सेंट. सात दिवसांचं गाडीचं भाडं होतं १४३ युरो. बाकी गणित तुम्ही करा, मला करवत नाही.

आम्ही जर्मनीत स्टुटगार्टला असतो. नाशिकहून आई-बाबा आले होते, त्यांना समुद्र दाखवायला जूनमध्ये स्पेनच्या मायोर्का बेटावर गेलो. अल्कुदियाचा किनारा इतका उथळ की आईसुद्धा साडी खोचून लांबवर चालत गेली. त्याबद्दल तक्रार नाही. पण पाल्माच्या विमानतळापासून ते साठेक किलोमीटर, माणसं पाच, गाडी हवीच. सगळ्यांत स्वस्त मीच एका बुकिंग पोर्टलवर शोधली, इन्शुरन्सही तिथलाच घेतला. ऑफिस टर्मिनलबाहेर, शटलने जायचं. इथेच शहाण्याने पान बंद केलं असतं.

काउंटरवर नेहमीचंच सुरू झालं. "पोर्टलवरचा इन्शुरन्स इथे चालत नाही. आमचा घ्या, दिवसाला २९ युरो. नाहीतर कार्डावर १,२०० ब्लॉक." हा डाव मला माहीत होता, म्हणून मी ताठ राहिलो आणि १,२०० युरो अनामत म्हणून ब्लॉक करू दिले. मनात म्हटलं, जिंकलो.

गाडी धुतलेली नव्हती. तिकडे पावसातून सहाराची लाल धूळ पडते. काचांवर तिचे ठिपके, चाकं तर पार तपकिरी. बाबा ३१ वर्षं एसटीच्या वर्कशॉपला होते. ते खाली वाकले. "अरे, चाकं पुसून बघ की जरा." आणि मी त्यांना म्हणालो, "बाबा, हे युरोप आहे. इथे तसं नसतं."

रात्रीचे साडेअकरा वाजले होते, मुलगा खांद्यावर झोपलेला, आईचे गुडघे दुखत होते. कोण बसलं असतं चाकं पुसत? व्हिडिओ काढला होता, तोही बायकोने, चालता चालता. चाकं त्यात आहेत, पण तपकिरी. व्हिडिओ काढाच, पण टॉर्च लावून आणि ओल्या फडक्याने पुसून. आणि शूटिंगमध्ये त्यांचा माणूस दिसू द्या.

परतीला पहाटे पाच वाजता आलेला माणूस स्प्रेची बाटली आणि फडकं घेऊनच आला. गाडीला फेरी मारली नाही, काही नाही. थेट डावं पुढचं चाक पुसलं. नखाएवढा ओरखडा. त्याला जागा पाठ होती हो! रिम ४९०, 'प्रशासकीय शुल्क' ६०, वर २१ टक्के कर. सही करा, नाहीतर १,२०० अडकून राहतील. विमान सातला. मी स्पॅनिश कागदावर सही केली. करू नका. विमान चुकलं तरी एक वेळ चालेल, सही करू नका.

आता दाद मागायची गंमत ऐका. विमानतळावरचा पोलीस म्हणाला, हा दिवाणी मामला. कार्डवाले म्हणाले, तुमचीच सही आहे. ग्राहक केंद्राने तोच करारनामा तीनदा मागवला आणि चार महिन्यांनी कळवलं की कंपनी उत्तर देत नाही. अहो, ती उत्तर देत नाही म्हणूनच तर मी तुमच्याकडे आलो! प्रत्येकाचा फॉर्म वेगळा, आणि प्रत्येकाच्या मेलखाली 'आपल्या संयमाबद्दल धन्यवाद'. स्पेनमध्ये प्रत्येक धंद्याला तक्रारीचा अधिकृत फॉर्म ठेवावाच लागतो, 'ओहा दे रेक्लामासिओनेस' म्हणतात त्याला. तो तिथल्या तिथे मागायचा असतो, हे मला घरी पोचल्यावर कळलं. तुम्ही नाव पाठ करून जा.

पोर्टलवरचा इन्शुरन्स पैसे परत देतो म्हणे, फक्त दुरुस्तीचं बिल हवं. कंपनी बिल देत नाही. कशी देणार? तो ओरखडा अजून तिथेच असेल, पुढच्या गिऱ्हाइकासाठी.

बाबा त्यावर आजवर एक अक्षर बोललेले नाहीत. इन्शुरन्सवाल्यांची परवा पुन्हा मेल आली: कृपया दुरुस्तीचं बिल जोडा.