बोटीवरच्या शिध्याला निळे ड्रम: एका हंगामानंतर

गेल्या जुलैत बोटीवरच्या शिध्यासाठी ३५ लिटरचे चार निळे ड्रम घेतले. लोखंडी रिंगने आवळायचं झाकण, आत रबर. आमची मासेमारीची बोट वेसाव्याची, म्हणजे मुंबईतल्या वर्सोव्याची. आठ माणसं, फेरी आठ-दहा दिवसांची आणि शिधा भरायचं काम माझं. १ ऑगस्ट ते ३१ मे, अख्खा हंगाम वापरून झाले, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी तांदूळ गोणीतच जायचा. तळाची गोणी भिजायची, वरच्या गोणीत सोंडे. ड्रम घेतल्यापासून समुद्राच्या पाण्याने एक दाणाही गेला नाही.

पहिल्याच फेरीला मात्र चूक झाली, आणि ती माझी होती. तांदळाचं पीठ गिरणीतून आणलं, निघायची घाई, गरम पीठ तसंच भरून रिंग आवळली. हे झाकण बाहेरची ओल आत येऊ देत नाही, तशी आतली वाफही बाहेर सोडत नाही. झाकणाला आतून पाणी सुटलं, चौथ्या दिवशी पिठाला आंबूस वास. बंदराला लागल्यावर भंडाऱ्याने, म्हणजे बोटीवरच्या स्वयंपाक्याने, पहिलं तेच सांगितलं, "वहिनी, पोरांना भाकरी नाही मिळाली." रात्रभर जाळं ओढणाऱ्या माणसांना भाकरी नाही, हे मला फार लागलं. तेव्हापासून पीठ परातींत पसरून पार गार करते, तांदूळ-डाळ पंख्याखाली वाळवते, मगच भरते. पुन्हा कधी वास आला नाही.

मोठा एकच ड्रम घेऊ नका. दर वेळी उघडला की खारी हवा सगळ्याच धान्याला लागते. ३५ लिटरमध्ये पंचवीस किलो तांदूळ आरामात मावतो. मी तो दोन ड्रमांत भरते आणि दुसरा पाचव्या दिवसापर्यंत उघडायचा नाही, असं बजावून ठेवलंय. तिसऱ्यात पीठ. चौथ्यात डाळ, पोहे, साखर, चहा, आमसुलं, काडेपेट्या. मसाला वेगळ्या बरणीत, नाहीतर चहाला त्याचा वास लागतो.

कांदे-बटाटे ड्रममध्ये मुळीच नकोत, घाम सुटून सडतात. कांदे जाळीच्या पिशवीत वाऱ्यावर टांगायचे. बटाटे त्यांच्यापासून लांब, अंधारात. उजेडात ते हिरवे पडतात आणि हिरवे खाऊ नयेत. भाजी म्हणाल तर लाल भोपळा न कापलेला नेला की शेवटच्या दिवसापर्यंत टिकतो.

खोट एकच, रिंग. दिवाळीपर्यंत गंज चढला. आता दर फेरीआधी खोबरेल लावते, तरी एक रिंग मार्चमध्ये तुटलीच. एका झाकणाचं रबरही चपटं झालंय, ते बदलणार.

घेताना नवेच घ्या. जुने ड्रम स्वस्तात मिळतात, पण त्यांत आधी कुठलं रसायन होतं कोण सांगणार? तळाला त्रिकोणात २ असेल तर प्लास्टिक कुठलं एवढंच कळतं.

सध्या पावसाळ्यातली मासेमारीबंदी आहे. चारही ड्रम धुऊन, वाळवून, झाकणं काढून माळ्यावर ठेवलेत. ऑगस्टच्या आत पिठासाठी पाचवा घेणार, ३५ लिटरचाच.