एकच एमसी कार्ट्रिज, एकदा जपानहून आणि एकदा पुण्याहून: सोळा महिन्यांचा अनुभव

रेकॉर्ड प्लेअरची सुई ज्या छोट्या डबीत बसवलेली असते ती कार्ट्रिज. एकाच मॉडेलच्या दोन मूव्हिंग कॉइल (एमसी) कार्ट्रिज मी सोळा महिन्यांत घेतल्या. पहिली जपानमधल्या एका विक्रेत्याकडून कुरियरने, दुसरी पुण्याच्या अधिकृत डीलरकडून. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. माल चांगलाच आहे, प्रश्न तो कुठल्या वाटेनं घरी आला याचा आहे. टर्नटेबल माझं टेक्निक्सचं जुनं एसएल-१२०० एमके२.

आधी त्यावर डेनॉनची डीएल-१०३ होती. साठच्या दशकात जपानच्या एनएचके नभोवाणीसाठी बनलेली, गोल टोकाची, अडीच ग्रॅम वजनावर चालणारी दणकट चीज. तिच्यावर माझा राग नाही. पण माझ्याकडे बहुतेक दमदमला छापलेल्या एचएमव्हीच्या ख्यालाच्या एलपी. रेकॉर्ड मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला ५१ सेंटिमीटर खाच सरकते आणि लेबलजवळ जेमतेम २१. ख्यालात विलंबित बाहेर, द्रुत आत. म्हणजे ताना सुसाट सुटतात नेमक्या तिथंच खाच सगळ्यात दाटीची. भीमसेन जोशींची तान शेवटच्या दोन मिनिटांत कापड टरकावल्यासारखी येऊ लागली, की मी उठून आवाज कमी करायचो. बारीक धारेचं, मायक्रोलाइन टोक घ्यायचं ठरलं ते एवढ्यासाठी.

आता पैसे. पुण्यात किंमत ९४ हजार, जपानमध्ये आपल्या पैशात ५१ हजार. ४३ हजारांचा फरक बघून कुणाचंही डोकं फिरेल. माझंही फिरलं. पण तिकडची किंमत निर्यातीची असते, तिकडचा कर वजा करून. जपानचा १० टक्के उपभोग कर त्यात नाही. जर्मनीतनं मागवली तर तिथला १९ टक्के व्हॅट कापतात, डेन्मार्कचा २५. आणि आपण ती आकडेवारी शेजारी ठेवतो ती इथल्या जीएसटीसकट एमआरपीच्या. करमुक्त आणि करयुक्त एका तराजूत टाकल्यावर दुसरं काय दिसणार?

पार्सल मुंबईत अडकलं. आधार कार्ड अपलोड केलं, मग कुरियरच्या मुलाचा फोन: "सर, कार्ट्रिज म्हणजे प्रिंटरची का?" नशीब, काडतूस समजला नाही. कस्टमच्या यादीत पिकअप कार्ट्रिजला स्वतःचा मथळा आहे, ८५२२ १०. तो त्याला सांगितल्यावर गाडी पुढं सरकली. कर नुसत्या किमतीवर नाही, किंमत अधिक वाहतूक यावर बसतो. वाहतूक २,४००, कर आणि कुरियरवाल्यांची हमाली मिळून १९ हजार. एकूण ७२,४००. डीलर घासाघीस करून ८९ हजारांवर आला होता. म्हणजे ४३ हजारांचे राहिले साडेसोळा.

(भाचा जर्मनीत आहे. त्यानं सामानातनं आणली असती, तर तेव्हाच्या २०१६ च्या बॅगेज नियमांप्रमाणे ५० हजारांपर्यंतचा माल बिनकराचा होता. पण त्याचं येणं दिवाळीला आणि मला धीर नव्हता.)

पार्सल आलं एप्रिलअखेर, सोलापूर ४३ अंशांवर असताना. सुईची बारीक दांडी ज्या रबरी डॅम्परवर तोललेली असते तो उष्णतेनं मऊ पडतो. ऑर्टोफोनसारखे कार्ट्रिज बनवणारे २३ अंशांची शिफारस करतात. २३ अंश म्हणजे आमच्याकडं जानेवारीतली दुपारही नाही! मी मे महिन्यात रात्री दहानंतरच सुई टेकवतो.

पहिल्याच रात्री एक जुनी मोनो एलपी लावली. मोनोत आवाज दोन्ही स्पीकरच्या बरोब्बर मधोमध उभा राहायला हवा. बुवा डावीकडे सरकून बसले होते. हेडशेलच्या, म्हणजे कार्ट्रिज ज्यावर बसवतात त्या पुढच्या तुकड्याच्या तारा अदलाबदल केल्या, पांढरी-निळी लाल-हिरवीच्या जागी, तर बुवा उजवीकडे गेले. म्हणजे खोट कार्ट्रिजमध्येच. आमचा टॉवेलचा धंदा, त्यामुळे खिशात पिक ग्लास असतेच, कापडाचे धागे मोजायची. तिच्याखाली समोरून पाहिलं तर दांडी चक्क तिरकी. विणकरानं असा ताणा आणला असता तर मी माल परत पाठवला असता.

विक्रेत्याचं उत्तर नम्र होतं: परत पाठवा, तपासतो. पाठवायचा खर्च माझा, आणि दुरुस्त होऊन आली की इथूनच गेली होती हे कस्टमला कागदानिशी दाखवायचं, नाहीतर पुन्हा कर. मित्र म्हणाला, "साडेसोळा हजार वाचवलेस की बे, आता बॅलन्सचं बटण फिरव." तेच केलं. नऊ महिने बॅलन्स फिरवून ऐकलं. खरं सांगायचं तर त्या तिरक्या दांडीवरसुद्धा द्रुत ताना मोत्याच्या सरीसारख्या सुट्या यायच्या.

मग जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्डा यात्रा आली. पाहुणे येणार म्हणून झाडपूस सुरू होती. टर्नटेबलच्या बैठकीवरची धूळ मीच टेरी टॉवेलनं पुसायला गेलो. टेरीला दोन्ही बाजूंनी धाग्यांचे फासे असतात, हे माझ्यापेक्षा कुणाला जास्त माहीत? एक फासा दांडीत अडकला. आवाजसुद्धा न होता दांडी गेली. आमच्याच कारखान्याचा टॉवेल होता.

एमसीत टोक आपण बदलू शकत नाही. एमएममध्ये (मूव्हिंग मॅग्नेट, कार्ट्रिजची दुसरी जात) सुई ओढली की निघते. ऑर्टोफोन २एम रेडच्या अंगात त्याच मालिकेतल्या ब्लूची सुईसुद्धा बसते. एमसीत मात्र जुनी डीलरमार्फत देऊन नवी कमी किमतीत घ्यायची, ही बऱ्याच कंपन्यांची पद्धत. माझ्या मॉडेलला ती सवलत ३० टक्क्यांच्या आसपास होती. पुण्याला फोन केला. त्यांनी सीरियल नंबर विचारला आणि दोन मिनिटांत सांगितलं, हा नंबर आमच्या आयातीतला नाही, एक्स्चेंज नाही. ३० टक्के म्हणजे २६ हजारांहून जास्त. मी वाचवले होते साडेसोळा.

फेब्रुवारीत हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला गेलो, हेडशेल सोबत घेऊन. डीलरनं डबा माझ्यासमोर फोडला, नंबर बिलावर लिहिला, त्याच्या टेबलावर लावून वाजवली. पिक ग्लासनं दांडी बघितली तेव्हा तो हसला, पण दांडी सरळ होती. त्यानं करून दिलेल्या फिटिंगचं मात्र फार कौतुक नको. टेक्निक्सला सुईचं टोक हेडशेलच्या मागच्या कडेपासून ५२ मिलिमीटरवर हवं. घरी मोजलं तर दीड मिलिमीटर कमी. अख्खा रविवार पुन्हा लावण्यात गेला.

आणि चौथ्या महिन्यात डावा चॅनल गप्प झाला. तारा, क्लिपा, फोनो स्टेज (कार्ट्रिजचा बारीक सिग्नल वाढवणारा भाग) सगळं तपासलं, कॉइलच गेली होती. पुण्याला दिली. पाच आठवडे, तीन वेळा मागं लागणं, "वितरकाकडून अजून उत्तर नाही काका" हे दोनदा ऐकणं. तेवढे दिवस डीएल-१०३ पुन्हा वाजली, आणि बिचारी बरी वाजली. पण सहाव्या आठवड्यात बदली कार्ट्रिज आली, नवी, एक पैसा न घेता. जपानवालीचं असं झालं असतं तर माझ्याकडं एक ईमेल पत्ता होता.

एमएम घेणार असाल तर जिथं स्वस्त आणि अस्सल मिळेल तिथं घ्या, फक्त नकली सुयांपासून जपा. एमसीला मी आता पुण्यालाच जाईन, चिडचिड करत का होईना.

रेकॉर्ड वाजली की मी मालाच्या वहीत शेवटच्या पानावर मिनिटं टिपतो. बदलीवाली आज ११८ तासांवर आहे. जपानवाली डबीत आहे. कारखान्यात नव्या पोरांना टेरीचा फासा कसा अडकतो ते दाखवायला पिक ग्लासखाली धरतो. टर्नटेबलजवळ आता फक्त ब्रश.