हेजहॉगचं लाकडी घर: दोन हिवाळ्यांनंतर

नोव्हेंबर २०२३ मध्ये हेजहॉगसाठी, म्हणजे अंगभर काटे असलेल्या एका छोट्या प्राण्यासाठी, बागेत ठेवायचं हे घर ६५ पौंडांना घेतलं. आता दोन हिवाळे झाले, म्हणून लिहितेय.

घ्यायचं कारण आधी सांगते. आम्ही इंग्लंडमध्ये, श्रॉपशरमधल्या एका खेड्यात राहतो. ५ नोव्हेंबरला, बॉनफायर नाइटला, इथे घरोघरी शेकोट्या पेटतात. मीही बागेच्या टोकाला फांद्या आणि पाचोळ्याचा ढीग रचला होता. शेजारच्या आजींनी बजावलं, "पेटवायच्या आधी सगळा ढीग हाताने उपसून बघ." उपसत गेले तर अगदी तळाशी काट्यांचा तपकिरी गोळा, हेजहॉग! जाड हातमोज्यातूनही त्याचा श्वास हाताला लागत होता. त्या रात्री शेकोटी केलीच नाही, ढीग परत रचून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी हे घर मागवलं.

आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं, तर ती म्हणाली, "साळिंदर का गं?" साळिंदराचे काटे चांगले वीतभर असतात, याचे जेमतेम दोन-अडीच सेंटीमीटर. ब्रिटनमधल्या सस्तन प्राण्यांच्या २०२० च्या यादीत हा धोक्यात आलेल्यांमध्ये गेलाय, हे सांगितल्यावर मात्र ती दर रविवारी त्याची चौकशी करते.

घराची रचना खरंच विचारपूर्वक केलीय. दार थेट खोलीत उघडत नाही. आधी छोटी बोळकांडी, मग वळण, मग खोली. त्यामुळे मांजराचा किंवा कोल्ह्याचा पंजा आतपर्यंत पोचत नाही. दार १३ सेंटीमीटर लांब-रुंद आहे, हेजहॉगला तेवढं पुरतं. मी ते कुंपणाच्या झुडपाखाली, सावलीत, वाऱ्याकडे पाठ करून ठेवलं आणि बीच-ओकची वाळकी पानं थोडी आत, बरीचशी बाहेर ठेवली. दारात पेंढ्याची एक चिमूट अडकवली. कोणी आत गेलं की ती आत ढकलली जाते, आपल्याला झाकण उघडावं लागत नाही. आठ सकाळी ती जशीच्या तशी होती. नवव्या सकाळी आत ढकललेली दिसली. मला इतका आनंद झाला की नवऱ्याला झोपेतून उठवून सांगितलं.

बागेतल्या कॅमेऱ्यात पुढचं दिसलं. तोंडात पानांची जुडी धरून स्वारी येते, अर्धी पानं दारातच गळतात, आत जाऊन परत येते आणि तीच पानं एकेक करून उचलते. रात्री सव्वादोनला, पावसात, चौदा फेऱ्या!

आता तक्रारी. तळ प्लायवुडचा आहे. पहिल्याच फेब्रुवारीच्या पावसात तो फुगला, थर सुटले, कुबट वास यायला लागला. कंपनीला मेल केला तर उत्तर आलं की बाहेर ठेवल्यावर ओल येणारच. अहो, ही वस्तू बाहेर ठेवण्यासाठीच आहे ना? शेवटी चार कोपऱ्यांखाली विटांचे तुकडे लावले आणि दारापर्यंत मातीचा उतार केला. दुसऱ्या हिवाळ्यात तळ आणखी बिघडला नाही.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. झाकणाला बिजागरी आहे आणि सोबतच्या कागदावर 'हवं तेव्हा आत डोकावा' असं छापलंय. हे छापायलाच नको होतं. पिल्लं असताना त्रास दिला तर आई त्यांना टाकून जाते, कधी कधी मारूनही टाकते. मी झाकणाला दोन स्क्रू मारले. २०२४ च्या जुलैत चार पिल्लं आईमागे रांगेत चालताना कॅमेऱ्यात दिसली, ती त्यामुळेच असं मला वाटतं.

आणखी एक. नुसतं घर घेऊन भागत नाही. हेजहॉग एका रात्रीत एक-दोन किलोमीटर हिंडतो, बंद कुंपणाच्या बागेत तो येणार कुठून? आजींनी आपल्या लाकडी कुंपणाला खाली १३ सेंटीमीटरचं भोक पाडू दिलं. त्याला पैसाही लागला नाही, आणि उपयोग घराइतकाच झाला. घराच्या बाजूला पाण्याची उथळ ताटली आणि मांजराचं मांसाचं खाणं ठेवा. दूध कधीच देऊ नका, त्याला ते पचत नाही, जुलाब होतात.

पाचपैकी साडेतीन तारे. दीड तारा तळाचा आणि त्या कागदाचा कापला.

गेल्या आठवड्यात पेंढ्याची चिमूट पहिल्यांदाच दाराबाहेर पडलेली दिसली. पुढच्या चार रात्री नवी चिमूट हलली नाही, तेव्हा घर रिकामं आहे याची खात्री पटली. काल स्क्रू काढले, जुनी पानं उपसली, उकळतं पाणी ओतून घर धुतलं. आत्ता ते उन्हात वाळतंय. नवा तळ मी सुताराकडून जाड फळीचा करून घेणार आहे.