पिवळा धोबी: डिसेंबरात पाहावा की मार्चअखेर?

साताऱ्यातल्या येरळवाडीच्या तलावावर वर्षातून एकच फेरी जमणार असेल आणि पिवळ्या धोब्याच्या, म्हणजे थंडीत येणाऱ्या या छोट्या पाहुण्या पक्ष्याच्या, उपजाती वेगळ्या ओळखायच्या असतील, तर कधी जावं? गेली काही वर्षं मी दोन्ही वेळा जातोय, म्हणून लिहितो.

डिसेंबरची बाजू तशी भक्कम. ऊन कोवळं, उशिरापर्यंत दुर्बिणीत हवा थरथरत नाही, आणि धोबी चरणाऱ्या म्हशींच्या पायांत, पंधरा-वीस पावलांवर फिरत असतात. थवा मोजायला, फोटो काढायला हाच काळ बरा.

पण उपजात ठरते नराच्या डोक्यावरून, आणि थंडीत नेमकं तेच मळकट झालेलं असतं. एका डिसेंबरात ठळक पांढरी भुवई बघून मी वहीत बिनधास्त 'भीमा' ही उपजात लिहिली. घरी फोटो मोठा करून पाहिला. भुवई होती, पण माथा तपकिरी, छाती फिकट. मादी म्हणावी की पहिल्याच हिवाळ्यातलं पिल्लू? उपजात तर दूरच. नोंद खोडावी लागली, आणि ते मला अजून खटकतं. कारण या उपजातीला पक्षी अभ्यासक साइक्सने १८३२ साली भीमा नदीचं नाव दिलंय, आणि आपल्या माणदेशातली माणगंगा त्याच भीमेला मिळते. घरचं नाव असलेला पक्षी निदान खात्रीने ओळखता यावा, एवढीच इच्छा.

मार्चअखेर पाणी आटून चिखलाचा पट्टा रुंदावतो, पक्षी लांब जातात, नऊनंतर झळा सुरू होतात. हे सगळं सोसावं असं मला वाटतं. परतीआधी धोबी डोक्याची आणि अंगाची पिसं बदलतात. पंखांची मोठी पिसं मात्र जुनीच राहतात. मागच्या खेपेला एक नर ओल्या ढेकळावर बसलेला सापडला. माथ्यावर निळसर करडी पिसं उगवलेली, मधेच दोन-तीन जुनी तपकिरी, गोधडीला ठिगळ असावं तशी. भुवई पांढरीशुभ्र. तो भीमाच. शेजारी गडद पाटीच्या रंगाचा माथा, काळपट गाल आणि भुवईच नाही, असा थुनबर्गी उपजातीचा नर. फेल्डेग या आणखी एका उपजातीचा नर दिसला तर त्याची काळी टोपी मानेपर्यंत उतरलेली असते.

कर्लूच्या, म्हणजे लांब वाकड्या चोचीच्या किनारी पक्ष्याच्या, उपजातींसाठी कोकण किनाऱ्यावर जाणाऱ्यांना ऋतूचा एवढा आधार मिळत नाही. त्याचा उन्हाळी आणि हिवाळी पिसारा थोडाच वेगळा. त्याची ओरिएंटॅलिस ही उपजात म्हणायला तो उडताना काखेतली पांढरी, जवळजवळ बिनरेघांची पिसं दिसावी लागतात. चोचीच्या लांबीवर जावं, तर मादीची चोच मुळातच नरापेक्षा लांब. धोब्याचं काम त्यामानाने सोपं, फक्त वेळ साधायची.

मार्चचा शेवटचा आठवडा हुकला तर एप्रिलचा पहिला धरा. माद्यांच्या बाबतीत मात्र तेव्हाही घाई करू नये. त्यांच्यापुढे मी नुसतं 'पिवळा धोबी' लिहितो.