गोखले पूल, अंधेरी: काम पक्कं, नियोजन कच्चं

अंधेरीत रेल्वेरुळांवरून जाणारा गोखले पूल नव्याने बांधून झाला. पूर्वेकडच्या तेली गल्लीपासून पश्चिमेकडे स्वामी विवेकानंद मार्ग आणि जुहूपर्यंत जाणाऱ्यांना आता वळसा नको, हे पहिलं. जुना पूल १९७५चा. ३ जुलै २०१८ ला त्याचा पादचारी भाग रुळांवर कोसळला आणि ७ नोव्हेंबर २०२२ ला पूल वाहनांसाठी बंद झाला. नवी एक बाजू २६ फेब्रुवारी २०२४ ला उघडली, दुसरी मे २०२५ मध्ये.

रेल्वेवरचं काम उत्तम. सुमारे १३०० टनांचा पोलादी गर्डर (पुलाची मुख्य तुळई) रुळांवर सरकवून मग खाली उतरवायचा, तोही रात्री गाड्या थांबवून घेतलेल्या ब्लॉकमध्ये. याला पूर्ण गुण.

गुण कापायचे ते जुहूकडे नेणाऱ्या, याला लागून असलेल्या बर्फीवाला पुलाच्या जोडणीचे. रुळांपासून पुलाच्या तळापर्यंत रेल्वेने ठरवलेल्या नव्या मोकळ्या उंचीमुळे गोखले पूल वर गेला, बर्फीवाला मात्र जुन्याच पातळीवर राहिला. उद्घाटनाच्या दिवशी दोघांत माणसाएवढी पायरी! शेवटी बर्फीवालाचा टोकाचा भाग जॅक लावून एका बाजूला १,३९७ आणि दुसऱ्या बाजूला ६५० मिलिमीटर उचलला, खाली नवे पेडेस्टल (आधाराचे ठोकळे) दिले, मधली फट काँक्रीटने सांधली आणि जुलै २०२४ मध्ये जुहूची वाट खुली झाली. खरं तर हे आकडे नकाशावरच जुळवायला हवे होते.

दुचाकीवाल्यांनी पावसात जोडपट्ट्या (पुलाच्या दोन भागांमधल्या सांध्यावरच्या पट्ट्या) सरळ रेषेत ओलांडाव्यात, त्यावर ब्रेक दाबू नये. देखभाल करणाऱ्यांनी जूनआधी सांध्यांतला गाळ काढावा. तो साचला की रबर फाटतं आणि पाणी थेट बेअरिंगवर, म्हणजे पुलाचा भार पेलणाऱ्या आधारांवर, झिरपतं.