पिकअपच्या क्राऊनची तेलगळती आणि उसगाव-तिस्क परिसरातील एक गॅरेज

मार्च महिन्यात आमच्या अंगणातील चिऱ्यांवर रुपयाएवढा काळा डाग दिसला. आठवडाभरात तो ताटलीएवढा झाला. माझ्या पिकअपच्या मागच्या क्राऊनमधून, म्हणजे इंजिनाचा जोर मागच्या चाकांना वाटून देणाऱ्या दातेरी चक्रांच्या पेटीतून (पुस्तकी भाषेत डिफरन्शियलमधून), तेल गळत होते. गोव्यातील सावईवेरे येथील आमच्या कुळागरातील नारळ, सुपारी, केळी आणि हंगामात अननस घेऊन ही गाडी दर शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला जाते आणि महिन्यातून दोन-तीन वेळा चोर्ला घाट चढून बेळगावला जाते. २०१६ सालची ही गाडी १ लाख ३८ हजार किलोमीटर चालली आहे. घाटात भरल्या गाडीचा सगळा जोर मागच्या क्राऊनवर येतो. तिथले तेल कमी झाले तर आधी बेअरिंग आणि मग क्राऊन-पिनियनचे दात जातात, आणि तो खर्च ऑइल सीलच्या, म्हणजे तेल आत रोखणाऱ्या रबरी कडीच्या, खर्चाच्या कितीतरी पट असतो. म्हणून हे काम मी पुढे ढकलले नाही, तरीही ते नीट होण्यासाठी मला दोन गॅरेजांच्या पायऱ्या चढाव्या लागल्या.

पहिल्या गॅरेजचे नाव मी देत नाही. तिथे गाडी जॅकवर चढवली, हाऊसिंगच्या, म्हणजे क्राऊनच्या लोखंडी पेटीच्या, पुढच्या तोंडाशी तेल दिसले, पिनियनचे, म्हणजे पेटीत शिरणाऱ्या दातेरी दांड्याचे, सील काढून नवे ठोकले आणि अर्ध्या दिवसात गाडी परत दिली. तीन आठवडे अंगण कोरडे राहिले, नंतर डाग पुन्हा उमटला. दुसऱ्यांदा नेली तेव्हा त्यांनी आणखी एक सील ठोकले. ते बारा दिवस टिकले.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, पाऊस तोंडावर आलेला असताना, शेजारच्या एका ट्रकमालकांच्या सांगण्यावरून मी गाडी उसगाव-तिस्क परिसरातील ज्या गॅरेजमध्ये नेली, त्याच्याविषयी हा अभिप्राय आहे. मालकांकडे हाताखाली दोनच मुले आहेत आणि असलेली कामेच त्यांना वेळेत उरकत नाहीत, त्यामुळे नाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे आणि मी ती पाळत आहे. खनिजाच्या टिपरांची वर्दळ असलेल्या काळात या पट्ट्यात मागच्या धुऱ्यांची, क्राऊनची आणि हबची कामे करणारे हात तयार झाले. २०१२ साली गोव्यातील खाणी बंद पडल्या, मध्ये काही काळ चालल्या आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पुन्हा थांबल्या. त्या काळात अनेकांनी हा धंदा सोडला. हे मिस्त्री टिकून राहिले आणि टिपरावर शिकलेली शिस्त त्यांनी लहान गाड्यांच्या कामात आणली, हे पहिल्या तासातच माझ्या लक्षात आले.

त्यांनी पाना हातात घेतला नाही. “तेल खंयच्यान येता तें पयलीं पळोवया,” म्हणजे तेल कुठून येते ते आधी पाहू, एवढेच म्हणाले आणि गाडी खड्ड्यावर घ्यायला सांगितली. गळती कुठून होते हे तेल जिथे साचलेले दिसते त्यावरून कळत नाही, कारण चालत्या गाडीखालचा वारा तेल मागे ढकलत नेतो आणि पिनियनच्या टोकाचा फिरणारा फ्लँज (प्रोपेलर शाफ्ट जोडायची गोल तबकडी) ते चहूबाजूंना उडवतो. त्यांनी संपूर्ण हाऊसिंग डिझेलने आणि ब्रशने धुतले, फडक्याने कोरडे केले आणि पिनियनच्या तोंडाभोवती, मागच्या झाकणाच्या कडेला आणि दोन्ही चाकांच्या आतल्या बाजूला साधी टाल्कम पावडर फुंकली. मग मी गाडी धारबांदोड्यापर्यंत नेऊन परत आणली. खड्ड्यात उतरून त्यांच्या विजेरीच्या उजेडात पाहिले तेव्हा झाकणाची कड पांढरीशुभ्र होती, चाकांच्या बाजूही कोरड्या होत्या, फक्त पिनियनच्या तोंडाशी खालच्या अर्ध्या भागात पावडरीचा करडा चिखल झाला होता. तरीही त्यांनी दोन्ही ड्रम काढून पाहिले. एक्सलचे सील गळत असेल तर तेल ब्रेक शूच्या लाइनरवर जाते आणि ब्रेक लागत नाही. पहिल्या गॅरेजमध्ये कोणी ड्रमला हातही लावला नव्हता.

सील पुन्हा पुन्हा का जाते, हा प्रश्न त्यांनी स्वतःहून उभा केला आणि त्याची उत्तरे एकेक करून तपासली. आधी ब्रीदर. हाऊसिंगच्या वरच्या अंगाला बोटाच्या पेराएवढी एक टोपी असते, जिच्यातून आतली हवा ये-जा करते. घाट चढताना तेल तापते, आतली हवा फुगते आणि तिला ब्रीदरमधून वाट मिळाली नाही तर तिचा दाब सीलच्या ओठावर, म्हणजे फिरत्या भागाला टेकणाऱ्या रबरी कडेवर, येतो. माझ्या गाडीचा ब्रीदर त्यांनी काढून तळहातावर ठेवला, तेव्हा त्यात तांबडी माती सिमेंटासारखी घट्ट बसलेली होती. तारेने टोचूनही ती निघाली नाही. कुळागराकडे जाणारी आमची वाट मातीची आहे आणि पावसाळ्यात एक ओहळ ओलांडून जाते. तापलेले हाऊसिंग पाण्यात गेले की आतली हवा आकसते आणि पाणी आत खेचले जाते, तेल दुधट होते, हेही त्यांनी सांगितले. माझे तेल दुधट झालेले नव्हते, एवढे माझे नशीब.

त्यानंतर तेल काढले. आधी भरायचा बोल्ट सैल करून पाहिला आणि मगच खालचा काढला, कारण खालचा काढून तेल सांडल्यावर वरचा गंजून अडकलेला निघाला तर गाडी जागच्या जागी अडते. खालच्या बोल्टच्या चुंबकावर राखाडी लगदा होता. तो त्यांनी अंगठा आणि बोटामध्ये बराच वेळ चोळला, मग माझ्या बोटावर दिला. काजळासारखा मऊ लागला. कण टोचला असता तर क्राऊन उघडावा लागला असता, असे ते म्हणाले. पिनियनचा फ्लँज दोन्ही हातांनी वर-खाली हलवून पाहिला. खेळ नव्हता, म्हणजे बेअरिंग शाबूत होते. बेअरिंग खिळखिळे असेल तर कितीही चांगले सील घातले तरी ते महिनाभरात फाटते.

दुसरे कारण फ्लँज काढल्यावर सापडले. सीलचा ओठ जिथे टेकतो तिथे वर्षानुवर्षांच्या घर्षणाने एक गोल खाच पडली होती. नजरेला ती केवळ एक चकचकीत रेघ वाटत होती, पण नख फिरवले की अडकत होते. त्या खाचेतून तेल येणारच. शिवाय आधीचे सील हातोडीने एका कडेने ठोकल्यामुळे त्याचा पत्रा वाकला होता. नवा फ्लँज फोंड्यात मिळाला नाही, मडगावातही मिळाला नाही. बेळगावहून मागवल्यास चार दिवस लागणार होते. दुसरा उपाय म्हणजे खाच पडलेल्या जागेवर बसणारी पोलादाची पातळ बाही. दोन्हींचे गुणदोष त्यांनी मला समजावून सांगितले आणि निर्णय माझ्यावर सोडला. मी बाही निवडली.

या कामातील सर्वांत नाजूक भाग म्हणजे पिनियनचा नट, आणि त्यासाठीच हे गॅरेज मला विशेष वाटले. हा नट केवळ फ्लँज धरून ठेवत नाही. बेअरिंगवर किती ताण राहायचा हे तोच ठरवतो. माझ्यासारख्या गाडीत दोन बेअरिंगच्या मध्ये चेपणारी एक नळी असते. नट गरजेपेक्षा जास्त आवळला की ती जास्त चेपते आणि नट मागे फिरवून ती पूर्ववत होत नाही. नट सैल राहिला तर पिनियन मागे-पुढे सरकतो आणि क्राऊन आवाज करू लागतो. पहिल्या गॅरेजमध्ये हा नट लांब पाइप लावून जीव खाऊन आवळताना मी स्वतः पाहिले होते. येथे मिस्त्रींनी नट सोडण्यापूर्वीच, ड्रम आणि दोन्ही एक्सल बाहेर काढलेले असताना, फ्लँजभोवती सुतळी गुंडाळली, तिला ताणकाटा लावला आणि संथपणे ओढत पिनियन फिरवला. काटा अडीच किलोच्या पुढे गेला. आधीच्या आवळण्याचा हा परिणाम होता. त्यामुळे चेपणारी नळीसुद्धा बदलावी लागली. नवी नळी, नवा नट, आणि मग पाव-पाव फेरा आवळत प्रत्येक वेळी सुतळी ओढून माप घेणे, असे पाऊण तास चालले. काटा दोन किलोच्या किंचित खाली स्थिरावला तेव्हा ते थांबले. हाताखालच्या मुलाने आणखी थोडे आवळू का असे विचारले, त्यावर त्यांनी फक्त मान हलवून नाही म्हटले.

सील बसवताना त्याच्या ओठाला ग्रीस लावले, स्प्रिंगची बाजू आत ठेवली आणि सीलच्याच व्यासाचा पाइपचा तुकडा वर ठेवून चारी बाजूंनी सारखे दाबत आत घातले. प्रोपेलर शाफ्ट सोडताना दोन्ही फ्लँजवर रंगाची खूण केली होती, ती जुळवून शाफ्ट पुन्हा जोडला. खूण चुकली तर गाडी वेगात थरथरते. तेल ८०डब्ल्यू-९० प्रतीचे, जीएल-५ दर्जाचे घातले, आणि तेही गाडी सपाट जागेवर उभी करून भरायच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत. जुने तेल झाकणाच्या डब्यात साठवले, जमिनीवर सांडू दिले नाही. विहिरीच्या पाण्यावर शेती करणाऱ्या माणसाला ही गोष्ट मोलाची वाटते.

खर्च असा आला: सील ४२० रुपये, बाही १,६५० रुपये, चेपणारी नळी आणि नट मिळून ३८० रुपये, ब्रीदर १४० रुपये, दोन लिटर तेल ८४० रुपये, किरकोळ १६० रुपये आणि मजुरी २,८०० रुपये, एकूण ६,३९० रुपये. पहिल्या गॅरेजमध्ये दोन खेपांना मिळून मी २,२०० रुपये दिले होते. बदललेले सगळे सुटे भाग मला पिशवीत घालून परत मिळाले.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. गुरुवारी संध्याकाळी देतो म्हटलेली गाडी शुक्रवारी दुपारी मिळाली आणि माझा म्हापशाचा बाजार बुडाला. तोडून ठेवलेले अननस मला गावातच कमी भावाने विकावे लागले. विलंब बाही मिळण्यात झाला हे खरे, पण गुरुवारी एक फोन आला असता तर मी दुसऱ्याची गाडी ठरवली असती. बिल मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि कामाची हमी तोंडी आहे. चाकांचे नट मात्र त्यांनी हवेच्या गनने आवळले. पिनियनच्या बाबतीत इतके काटेकोर असलेल्या माणसाने तेही हाताच्या पान्याने मापून आवळावेत, असे मी त्यांना सांगितले आणि त्यांनी ते मान्य केले.

त्यानंतर संपूर्ण पावसाळा गेला. गाडी ८,००० किलोमीटरच्या वर चालली, ओहळातून रोज गेली, चोर्ला घाट भरल्या मालाने अकरा वेळा चढली. दर रविवारी मी गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवतो आणि सोमवारी सकाळी पाहतो. दिवाळीनंतर भरायचा बोल्ट उघडून करंगळी आत घातली, तेव्हा तेल कडेपर्यंत होते आणि त्याचा रंग मधासारखा होता. अंगणातला जुना डाग चिऱ्यात मुरला आहे, तो काही निघत नाही. त्याच्याशेजारी नवा पडलेला नाही.

या गॅरेजकडे गाडी नेणाऱ्याने सकाळी नऊच्या आत पोहोचावे, हातात दोन दिवस ठेवावेत आणि क्राऊनखालचा चिखल घरीच धुऊन न्यावा. तेल मात्र पुसून नेऊ नये. ते कुठून येते हे त्यांना स्वतः पाहायचे असते.