पिकअपच्या केबिनमधली खडखड आणि सस्पेन्शनचा आवाज: काही महिन्यांच्या वापरानंतर

बीड जिल्ह्यातल्या केज, धारूर आणि अंबाजोगाई या पट्ट्यात माझी डबल कॅब फोर बाय फोर पिकअप गेल्या ऊसतोडीच्या हंगामापासून पावसाळ्याअखेरपर्यंत जवळजवळ रोज चालली आहे. इंजिन, फोर बाय फोर आणि घाटातली ओढ यांबद्दल माझी तक्रार नाही. मात्र उन्हाळा संपता संपता केबिनमध्ये खडखड आणि खालून टकटक सुरू झाली. आपल्याकडची काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे तिच्यावरचा डांबरी रस्ताही लवकर खालीवर होतो. पाणंद रस्त्यांची तर गोष्टच वेगळी. अशा भागात हा त्रास बहुतेक पिकअपवाल्यांना होतो, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

आवाज आला की गॅरेजमध्ये पहिला ठपका शॉकअपवर येतो आणि तो महागात पडतो. माझ्या मते आवाज कुठून येतो यापेक्षा तो केव्हा येतो हे आधी लिहून ठेवावे, कारण चासीच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, लोखंडातून आवाज दूरवर जातो आणि मागचा आवाज पुढून आल्यासारखा वाटतो. माझ्या गाडीत गतिरोधकावर पुढची दोन्ही चाके एकदम चढली की काहीच वाजत नसे, पण एकच चाक खड्ड्यात गेले की टक्क असा आवाज येई. दोन्ही चाके सारखी उचलली गेली तर स्टॅबिलायझर बार, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा आडवा दांडा, पिळला जात नाही, एकच उचलले तर पिळला जातो. त्यामुळे संशय सरळ लिंक रॉडवर, म्हणजे त्या बारच्या टोकांना जोडलेल्या छोट्या दांड्यांवर, गेला. हाताने हलवून पाहिल्यावर त्याचा जॉइंट ढिला निघाला. लिंक रॉडची जोडी बदलल्यावर ती टकटक पूर्ण थांबली.

पुढच्या आर्मचे (चाकाला चासीशी जोडणाऱ्या दांड्याचे) बुश, म्हणजे सांध्यातले रबर, बदलतानाचा अनुभव मात्र चांगला नव्हता. मिस्त्रींनी गाडी लिफ्टवर असताना, चाके लोंबकळत असतानाच बोल्ट पूर्ण आवळले. असे केले की गाडी जमिनीवर उतरल्यावर रबर कायम पिळलेल्या अवस्थेत राहते आणि लवकर फाटते. थोड्याच दिवसांत करकर परत आली. दुसऱ्या ठिकाणी नवे बुश बसवून, चाकांवर गाडीचे वजन आल्यानंतर बोल्ट आवळून घेतले, तेव्हापासून तिथे शांतता आहे. काम सांगतानाच ही अट स्पष्ट घालावी.

मागच्या पाट्यांची, म्हणजे सस्पेन्शनच्या लोखंडी पट्ट्यांची, करकर वेगळी असते. हौदा (मागची माल ठेवायची जागा) रिकामा असताना ती जास्त येते आणि पाटे धुतले की तेवढ्यापुरती गायब होते. असे झाले तर पाट्यांमध्ये माती बसली आहे किंवा टोकांचे पॅड झिजले आहेत असे समजावे. त्यावर जळके ऑइल सोडण्याची आपल्याकडे फार सवय आहे, पण ते धूळ धरून ठेवते आणि रबराचे बुशही खराब करते. मी पाटे खोलून साफ केले, पॅड बदलले आणि गाडी थोडी चालवल्यावर पाटे आवळून धरणारे यू-बोल्ट पुन्हा आवळून घेतले.

केबिनमधली खडखड बहुतांशी सुट्या वस्तूंची निघाली. मागच्या सीटखालचा जॅक आणि पाना फोममध्ये घट्ट बांधले, डॅशच्या प्लास्टिकच्या सांध्यात फेल्टची पट्टी बसवली, दारांच्या रबरांना सिलिकॉनचे वंगण लावले. सोबत कोणाला तरी बसवून एकेका भागावर हाताचा तळवा दाबून पाहणे, हीच खरी तपासणी आहे. ज्या भागावर दाब देताच आवाज थांबतो, तिथेच पट्टी लावायची. ब्रेक मारताना किंवा गाडीला वेग देताना खालून जाड धप्प आवाज येत असेल, तर केबिन आणि चासीमधले रबर माउंट आधी तपासावेत.

रिकाम्या हौद्याने खडीवरून जाताना मागचा भाग अजूनही उडतो. ओझ्यासाठी कडक ठेवलेल्या पाट्यांचा तो स्वभाव आहे, शॉकअप बदलून तो पूर्ण जाणार नाही. कच्च्या रस्त्यावर टायरची हवा थोडी कमी केल्याने मला बराच आराम मिळाला. मात्र डांबरी रस्त्यावर वेग घेण्यापूर्वी ती पूर्ववत भरलीच पाहिजे, म्हणून छोटा कंप्रेसर आता कायम गाडीत असतो.